सिंकखालून

नातूर म्हणाला, बुकरा.
बुकरा म्हणजे उद्या,
असं मला सहा वर्षांपूर्वी वाटायचं.

सिंकमध्ये पाणी उभं.
तवंगात ट्यूबलाइट,
आणि कढीपत्त्याचं एक पान काठाला चिकटून.
हेरंब समुद्रात, रिगवर, अजून एकोणीस दिवस.

गुदैबियातल्या या इमारतीत
ऑगस्टमध्ये गार पाण्याच्या नळालाच कढत पाणी येतं.
गच्चीवरची टाकी दिवसभर उन्हात शिजते,
म्हणून गिझर बंद ठेवायचा
आणि त्यातलं पाणी गार म्हणून वापरायचं.
तेव्हा वेगळं आधण नको.
सोडा घातला, व्हिनेगर घातलं.
फसफसलं, निवलं.
खाली काही हललं नाही.

मग कुडाळला फोन लावला.
अण्णा एसटीच्या डेपोत होते,
चौतीस वर्षं गाड्यांखाली उताणे.
मी नेहमीसारखी सोफ्यावर बसलेले,
मागे खिडकी, खिडकीत मनीप्लांट.
फोनवर आमचं घर तेवढंच असतं.
म्हणाले, "माका तोंड नको दाखवू गो. नळी दाखव."

मी सिंकखाली शिरले.
झुरळांचा खडू, कांद्यांची जाळी,
भारतातून आणलेले, कधी न वापरलेले दोन तांबे,
भिंतीवर आधीच्या भाडेकऱ्यानं पेन्सिलीनं लिहिलेला
कुणाचातरी नंबर.
फोन गॅसच्या नळीला टेकवून ठेवला.
अण्णा बराच वेळ बोललेच नाहीत. नुसते बघत होते.

"बालदी ठेव खाली. आधी बालदी."
बालदी ठेवली.
"आता ती वाटी सोडव. उलटी फिरव. तुझी उलटी नाय, तिची."
माझी कुठली, तिची कुठली,
यात पाच मिनिटं गेली आणि एक नख गेलं.

मग ती एकदम सुटली.

वास.
तो सांगत नाही.
काळा लगदा, गोठलेलं तूप, केस (माझे, आणि लालसर कुणाचे),
हिरव्या काचेचा तुकडा,
आणि त्या सगळ्यात एक मूग,
मोड आलेला,
बोटभर लांब, पांढराफटक, वळसा घेत वर निघालेला.

"उसळ कधी केल्लंस?"
"दसऱ्याला, अण्णा. मागच्या."
तिकडे आई हसली. ती तिथं आहे
हे मला तोवर माहीत नव्हतं.

मूग मी पाण्याखाली धरला, मग कुठं ठेवावा कळेना,
म्हणून ओट्यावर ठेवला.

वायसर फाटलं होतं.
खाली बशीरक्कांच्या दुकानात दोनशे फिल्सला मिळालं.
त्यांनी पांढऱ्या टेपचे पैसे घेतले नाहीत,
म्हणाले, घरात पुरुषमाणूस नाही का?
आहे, म्हटलं, फोनवर.

"हातान आवळ. पान्यान फकत पाव वळसो.
जास्त केलंस तर आटो जातलो."
मी पाव वळसा दिला.
अजून थोडा द्यावासा वाटत होता.
नाही दिला.

"आता पाणी सोड. फोन थंयच ठेव, माका आवाज आयकूचो आसा."

सोडलं. आधी काहीच नाही.
मग भोवरा फिरला,
नळीनं मोठ्यानं आवंढा गिळला,
आणि कढीपत्त्याचं पान गेलं.

"वाकणात वायच पाणी रवता," अण्णा म्हणाले,
"ता रवाक होया.
नायतर खालचो सगळो वास घरात येतलो."

मी खालीच पडून होते.
पाठीला फरशी गार, या घरातली तेवढीच गार जागा.
वरून पाणी जात होतं.
फोन ठेवायचं कुणी नाव घेईना.

"थंय कोपऱ्यात काय ता? ओल?"
मी वळून पाहिलं. होती.
सहा वर्षांत मला दिसली नव्हती.
"फुडच्या शुक्रवारी बघूया," ते म्हणाले,
"बॅटरी आण चांगली.
आणि ता मूग टाकू नको इतक्यात,
तुझ्या आवशीक बघूचो आसा."