सावलीबाजार, भाग सहावा

सेलूच्या मोंढ्यात मी मापाडी.
मागं हरभऱ्याची थप्पी, पुढं इलेक्ट्रॉनिक काटा,
आणि पावतीबुकाखाली, धूळ लागू नये म्हणून
बियाण्याच्या पिशवीत गुंडाळलेला
‘सावलीबाजार’, भाग सहावा.

कव्हरवर छापलंय : वय वर्षे नऊ ते तेरा.
मी सत्तेचाळीस.

पहिला भाग ऋतुजासाठी घेतला होता
परभणीला, स्टेशन रोडवर, ती पाचवीत असताना.
त्यातल्या गावात माणसं अडीनडीला
आपली सावली विकायला आणतात.
सकाळची लांब, पण पातळ, म्हणून स्वस्त.
दुपारची मूठभर, तिला सोन्याचा भाव.
लेकरू दोन पानांत झोपायचं.
उरलेलं प्रकरण मी स्वयंपाकघरात, उभ्यानंच वाचायचो
आणि सकाळी खूण परत जुन्या पानावर ठेवायचो.

तिसऱ्या भागात त्या बाजाराचा मापाडी येतो.
बोटानं काटा मारतो,
पोरक्या पोरांच्या सावल्या पावशेर कमी भरवतो.
चार दिवस मी पुस्तकाला हात लावला नाही.
लेखिकेला पत्र लिहिलं :
बाई, सगळेच तसे नसतात. लायसन असतं आम्हाला.
टाकलं नाही.
पण चौथ्या भागात तोच मापाडी
रात्री एकटा बसून खोटी वजनं दगडावर घासताना दिसला,
तेव्हा वाटलं, पोचलं असावं.

एकदा तोष्णीवाल शेठनं पाहिलं.
‘लेकराचं पुस्तक वाचायलाव?’
सगळ्या आडतीवर हसू फिरलं.
आठ दिवसांनी, ऐन सौद्यात, कानाशी येऊन :
‘चौथा आहे का हो? नातू गावाला घेऊन गेला.’

आता आम्ही तिघं.
तिसरा रज्जाक हमाल. त्याला अक्षर येत नाही,
मी जेवणाच्या सुट्टीत सांगतो.
चोर कोण, हे त्याला आमच्याआधी कळतं.
‘ज्याचं ओझं दिसत नाही तोच,’ म्हणतो,
आणि कांदा फोडतो.

तिघांचा जीव चिमणीवाल्या म्हातारीवर.
ज्याची सावली विकली गेली त्याच्या मागं
ती दिवा घेऊन उभी राहते, आपली उसनी देते.
लाइट गेली की ऋतुजा तसंच करायची,
टॉर्च घेऊन माझ्या पाठीमागं.

ती आता लातूरला. दोन वर्षांचा क्लास.
पेटी भरताना पाचही भाग काढून ठेवले तिनं.
‘जागा नाही बाबा. आणि आता काय वाचायचं ते.’
हॉस्टेलवर मोबाइल नाही,
रविवारी दहा मिनिटं, मागं पोरींची रांग.

सहाव्या भागात, पान दोनशे बारा,
म्हातारीची चिमणी विझते.
परत पेटत नाही.
शेठनं त्या दिवशी गादी लवकर उचलली.
रज्जाकनं पुढं विचारलंच नाही.

रविवारी फोन आला.
मार्क सांगितले, फिजिक्स गेलं म्हणाली,
मेसची भाजी, कूलर, उद्याची मोठी टेस्ट.
मग शेवटच्या मिनिटाला, आवाज खाली :
‘बाबा, सहावा आला का?’
‘आला.’
‘म्हातारी आहे ना?’

बावीस वर्षांत मी कुणाचा दाणा मारला नाही.

‘आहे की,’ म्हटलं. ‘ठणठणीत.’

ती थांबली.
गोणी ठेवल्यावर आकडा स्थिर व्हायला लागतो
तेवढीच.
‘बरं,’ म्हणाली. ‘जपून ठेवा.’

वाचलं असेल का तिनं आधीच,
उशीखाली, कुणा मैत्रिणीचं घेऊन?
आणि मला सांभाळून घेत असेल?

सातवा दिवाळीनंतर, दुकानदार म्हणतो.
मी दोन प्रतींचे पैसे भरून आलोय.

आज भर दुपारी
रिकाम्या काट्यावर रज्जाकची सावली पडली.
आकडा शून्य.
‘काय बघायलाव?’
‘काही नाही,’ म्हटलं. ‘टाक पुढची गोणी.’