दवा

वीज गेली होती,
म्हणून मोबाईलच्या उजेडात तिचे डोळे बघितले.
बाहुल्या मोहरीएवढ्या. उजेड बाजूला नेला
तरी मोहरीएवढ्याच.

कार्डावर आधीच कुणीतरी लिहून ठेवलेलं: मलेरिया.
खाली फुलांच्या कंपनीचा शिक्का, निळा, ठसठशीत.
त्यांनी दिलेल्या गोळ्या तिने
फाटकापाशीच ओकून टाकल्या होत्या.

नासिमियू. वय चोवीस. नैवाशाला येऊन दोन वर्षं.
रडत नव्हती, तरी डोळ्यांतून पाणी.
लाळ हनुवटीवरून गळ्यात.
मांडीच्या कातडीखाली काहीतरी
वळवळून थांबत होतं, पुन्हा वळवळत होतं.
अंगाला हात लावला. गार.
मलेरिया इतका गार नसतो.

काय खाल्लंस?
उगाली.
काही घेतलंस का?
दवा.
कुठली दवा?
ती बघतच राहिली, जणू मीच खुळी.
शेवटी बहीण बोलली, नांजाला:
घेतली नाही हो, मारली. गुलाबांवर.
मग जरा थांबून: ही आतच होती.

आमच्याकडे ताप उतरवते ती दवा
आणि मावा मारते तीही दवा.
अकरा वर्षं मी या टेबलामागे बसते.
किती जणांना मी हा प्रश्न
अर्धाच विचारून सोडून दिला असेल?

फेब्रुवारी होता. तिकडे थंडीच्या देशांत
सगळ्यांना एकाच दिवशी गुलाब लागतात.
फवारल्यावर आत जाऊ नये म्हणून दाराला लाल पाटी असते.
मुकादमाने ती उलटी टांगली.
पानं अजून ओली होती, नांजाला म्हणाली,
बाह्या कोपरापर्यंत भिजल्या.

हातमोजे चढवले. कपडे काढले. साबण, पाणी, पुन्हा साबण,
नखांच्या खाली, कानांच्या मागे.
राहिल्या वेण्या. दोन रविवार बसून घातलेल्या,
दोऱ्यासारख्या बारीक, आणि प्रत्येकीत तो लसणासारखा वास.
उसवायला पहाट झाली असती.
कात्री मी नांजालाकडे दिली. तिने ती परत माझ्या हातात ठेवली
आणि तोंड भिंतीकडे केलं.

ॲट्रोपिन. दोन. पाच मिनिटं.
चार. पाच मिनिटं.
छातीत अजून उकळत्या डाळीसारखा आवाज.
आठ हवेत, आणि कपाटात तीनच कुप्या.
बाकीच्या मिशनच्या इस्पितळातून आल्या,
मोटारसायकलवरून, पावाच्या पिशवीत.

लेमायान शिकाऊ आहे. टॉर्च मारून म्हणाला,
सिस्टर, बाहुल्या उघडल्या, थांबू या?
नाही रे. डोळ्यांनी आजार सांगितला, त्यांचं काम झालं.
कधी थांबायचं ते छाती सांगेल. कान लाव.
त्याने कान लावला. मीही लावला.
डाळ मंदावत होती.

साडेतीनला छाती कोरडी.
चारला ती हवेतून फुलं खुडायला लागली.
दोन बोटांनी देठ धरून, डाव्या हातावर रचत,
अठरा, एकोणीस, वीस, जुडी.
लेमायान घाबरला. मी म्हटलं, आता दवा जास्त झाली, हात आखड.
ही कुठली दवा ते त्याला सांगावं लागलं नाही.

रक्त काढून नाकुरूला पाठवलं.
तिथून निरोप येईल, मला पाठ आहे:
किती उतरलं ते कळायला आधी किती होतं ते कळवा.
आधी कुणी काढलंच नव्हतं.
कामावर घेताना तिची उंची मोजली होती फक्त.

उजाडताना ती पाणी मागायला लागली.
मी कार्डावरचा मलेरिया खोडला,
इतका जोरात की कागद फाटला.

नांजाला कोपऱ्यातला ओला गणवेश
काखेत मारून निघाली होती.
कुठे नेतेस?
धुवायला. माझ्याचबरोबर धुते रोज.
धुतल्यावर डोकं दुखतं?
दुखतं की. साबणाने दुखतं.

इकडे ये, म्हटलं. ते खाली ठेव.
खाली ठेव आधी.
आणि मोबाईल पुन्हा पेटवला.