मापात पाप

वेर्नला, चर्चच्या मागच्या गल्लीत, आमचं वृद्धनिवास.
तळमजला कुलपाचा. दाराचा आकडा दारावरच लिहिलाय,
पण उलटा. ज्याला तो सुलटा वाचता येतो
त्याला बाहेर जायची मुभा.

खोली चौदा, ओदील व्हर्मूट.
एकतीस वर्षं वजनमापांचा निरीक्षक.
त्याची सायकल वळणावर दिसली
की खाटीक तराजू पुसायचे, बटाटेवाले टोपी काढायचे,
मापात पाप नाही साहेब, म्हणायचे न विचारता.
आता पायात कुणाच्या तरी सपाता,
तरी सकाळी सातला तो फेरीवर निघतो.

भिंतीवरच्या घड्याळाला: खोटं.
आरशाला: खोटा.
सूप वाढायची पळी तळव्यावर तोलून: खोटी.
रविवारी मुलगी येते, ख्रीत.
तिच्याकडे तो जरा जास्त वेळ बघतो.
मग तेच.

आम्ही हसायचो. वाईट हसू नव्हतं ते,
पण हसूच होतं.

ऑक्टोबरात वजनाची नवी खुर्ची आली.
निळी, चाकांची. बसलं की हिरवा आकडा उजळतो.
ओदीलने तिच्याभोवती एक चक्कर मारली
आणि नेहमीचा निकाल दिला.
हो हो, मी म्हटलं, आणि इर्माला बसवलं.
चव्वेचाळीस. मागच्या महिन्यात, जुन्या खुर्चीवरही चव्वेचाळीस.
वहीत लिहिलं: स्थिर.
बेआट्रीस म्हणाली, हिची अंगठी हल्ली साबणाशिवाय निघते.
मी म्हटलं, या वयात बोटं सुकायचीच.

जानेवारीत, रात्रपाळीला,
पीठ.
स्वयंपाकघरापासून खुर्चीपर्यंत पांढरी पावलं,
आणि खुर्चीसमोर ओदील, ताठ, हात मागे बांधून.
आसनावर मैद्याच्या दोन पुड्या,
एक कोपऱ्यात फाटलेली.
पहाटे तीनला आवाज दाबून जेवढं ओरडता येतं
तेवढी मी ओरडले. त्याला नेलं, पाय धुतले,
पांघरूण घातलं. परत येऊन
केरसुणी शोधताना आकडा दिसला.

किलोकिलोच्या दोन पुड्या. एक फाटकी,
म्हणजे पुरते दोनही नाहीत.
साडेतीन.

उचलल्या. पुन्हा ठेवल्या.
साडेतीन.
मग तिथेच पिठात बसून
वही मागे मागे वाचत गेले.
एकवीस माणसं. प्रत्येकाच्या अंगावर दीड किलो,
जे त्याचं नव्हतंच.
इर्मापुढे, माझ्याच अक्षरात, चारदा: स्थिर.

खुर्ची दुरुस्त झाली. कागदपत्रं झाली.
इर्माच्या सूपात आता साय, बटाट्यावर लोणी,
अंगठीला आतून दोरा गुंडाळलाय.
ओदीलला सांगायला गेले. हातात कॉफी,
आणि घशात काहीतरी, जे माफीसारखं होतं.
त्याने कप उचलला, तोलला.
खोटा, म्हणाला.
दुरुस्त खुर्चीलाही तेच म्हणाला, त्याच दिवशी, दोनदा.

म्हणजे ठाऊक होतं त्याला, की नेम लागला?
पण मग ते पीठ?
कपाटात साखर होती, मीठ होतं, बिस्किटांचे डबे होते.
त्याने छापील वजनाच्या, न उघडलेल्या पुड्याच का आणल्या?

रविवारी ख्रीतला हे सगळं सांगितलं,
कौतुकाने, तिला बरं वाटावं म्हणून.
ती हसली. कोटाची बटणं लावत दारापर्यंत आली,
शेवटच्या बटणावर थांबली.
'मग मला म्हणतो, ते?'

मी दाराचा आकडा दाबत होते.
दिवसातून वीसदा दाबते.
तीनदा चुकला.