साडेनऊचं ऊन

दुपारी बारा वाजता त्या उतारात काहीच नव्हतं.
हिरवं, म्हणजे नुसतंच हिरवं,
इस्त्री फिरवल्यासारखं.
सात मेंढ्या, कुंपणाचा एक कललेला खांब.
ऑयरिकनं कॅमेऱ्याची पेटी उघडलीसुद्धा नाही.
"माथ्यावरचा सूर्य चोंबडा," ती म्हणाली,
"सगळं सांगतो, कळू काहीच देत नाही."

मग बसून राहिलो.
मी तिची तिवई वाहणारा, सोळा वर्षांचा, कंटाळलेला.
लुईस बेटाची पश्चिम कड, जून महिना,
सूर्य इथे निघतो निघतो म्हणतो
आणि उंबऱ्यात तासभर बोलत उभा राहतो.
थर्मासमधला चहा संपला. ओटच्या जाड पोळ्या संपल्या.
चिलटांनी कानामागची जागा शोधून काढली.
ती मात्र दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करून
डोंगर आत घ्यायची, बाहेर काढायची,
दुकानात लोकरी कापडाचं ठाण उलगडावं
आणि न घेताच परत गुंडाळावं, तशी.

क्षितिज किती उंचावर ठेवायचं, मी विचारलं.
"आभाळाला आज बोलायचं नसेल
तर त्याला बोटभर जागा पुरे."

खांब तिला सलत होता.
खांब टॉर्मडचा. आणि टॉर्मड तिथेच,
सत्तरी ओलांडलेला, तोंडात दोन खिळे धरून
तार ताणत.
"तू काढशील चौकटीबाहेर," खिळे न काढता तो म्हणाला,
"मेंढ्यांना कोण सांगणार?"

साडेनऊला ढगाची कड सुटली.
वायव्येकडून ऊन आलं, आडवं,
दाराखालच्या फटीतून येतं तसं
जमीन घासत,
आणि उतार उठून बसला.

सरी, वरंबा. सरी, वरंबा.
खाली खडकापासून वर थेट पडक्या दगडांपर्यंत
प्रत्येक वरंब्याला सावलीची काळी किनार.
कुणीतरी कंगवा फिरवून
नुकतंच आत गेलंय, हात धुवायला.

ऑयरिकनं टॉर्मडला काळ्या कापडाखाली बोलावलं.
आत, घासलेल्या काचेवर, जग उलटं:
समुद्राखाली आभाळ,
मेंढ्या छताला पाय लावून चरणाऱ्या.
बराच वेळ तो बाहेर आला नाही.
आम्हाला फक्त त्याचे बूट दिसत होते.

मग कापडाआडून आवाज,
"सत्तर वर्षं चालतोय इथे.
पाय अडखळला की म्हणायचो, ससे."
मग मोजणं. पंधरा. सोळा.
"सतरावा अर्धाच आहे."

कुणी काही बोललं नाही.
पाठीवर शेवाळ वाहून, खडकावर माती रचून
बटाटे लावणारी ती माणसं
वसंतात उठवली होती जमीनदारानं,
हे बेटावर शेंबड्या पोरालाही माहीत.
पण फावडं कुठे थांबलं
ते कुणी दाखवलं नव्हतं.

ऑयरिकनं तिवई उचलली.
माझ्या हातात न देता, स्वतः.
चार पावलं डावीकडे, गुडघाभर खाली,
पाण्यात, बूट भरेपर्यंत.
अर्धा वरंबा आता पुढ्यात आला, अगदी पायाशी,
आणि त्याच्याबरोबर, इलाज नव्हता,
खांबही आला.

एकच काच उरली होती.
तिनं श्वास धरला, मीही का कोण जाणे धरला.
खट्.
त्यानंतर तीनेक मिनिटं ऊन होतं,
ती आम्ही तशीच बघण्यात घालवली.
मग पुन्हा हिरवं.

एडिंबरातल्या स्पर्धेच्या परीक्षकानं लिहून पाठवलं:
प्रकाश उत्तम,
डाव्या कोपऱ्यातला खांब खटकतो.
ऑयरिक इतकी हसली की तिला खोकला आला.

पुढच्या वर्षी गेलो तर
टॉर्मडनं सगळं कुंपण चार हात वर सरकवलेलं,
सतराव्या वरंब्याला वळसा घालून.
का, विचारलं.
"मेंढ्या," तो म्हणाला,
आणि खिळे तोंडात धरले.