मुकी पट्टी

आमच्या पेटीची पांढरी पाच मुकी होती.
दाबली की नुसता वारा,
दमेकऱ्याने जिना चढावा तसा.
दुरुस्तीवाला म्हणाला, दोन्ही सूर बसलेत,
आणि आकडा सांगितला.
पंचकमिटीने त्या वर्षी पंखे घेतले.

भायखळ्याच्या गल्लीतलं आमचं देऊळ.
साडेआठला मराठी उपासना, दहाला तमिळ मंडळींची.
आम्ही असू तीस-पस्तीस,
कुणाची ड्युटी, कुणाचे गुडघे, हे धरून.
डावा हात भात्यावर, उजवा पट्ट्यांवर,
आणि गाणं त्या सुरावर आलं
की मी मान खाली घालायचो,
जणू मीच काही चोरलंय.

माझी भाची दृढीकरणाच्या वर्गाला जाते.
तिच्या वहीत प्रश्न आहे:
देवाला आपल्या स्तुतीची गरज आहे काय? गुण पाच.
पाळकसाहेबांनी उत्तर सांगितलं:
नाही, गरज आपल्याला आहे.
तिने लिहून घेतलं, मग मला विचारलं,
मामा, गरज आपली
तर त्याला का बसवून ठेवायचं ऐकायला?
मी म्हटलं, चहा गार होतोय.

त्याच महिन्यात रूथबाई चक्रनारायणांचे यजमान गेले.
शिवडीला माती दिली.
दोन रविवार त्यांची जागा रिकामी.
तिसऱ्या रविवारी आल्या, खांबाजवळ बसल्या.
गीताचं पुस्तक मांडीवर, मिटलेलं.
पहिलं गीत झालं, ओठ हलले नाहीत.
पापांगिकार झाला, हलले नाहीत.
दुसऱ्या गीताला, तिसऱ्या ओळीत,
माझ्या बोटाखाली वारा गेला,
आणि खांबाकडून एक सूर आला.
एकच.
घोगरा, थोडा उतरलेला.
ओळ पुढे सरकली, त्या पुन्हा गप्प.
पुढच्या कडव्यात त्याच जागी पुन्हा.

नंतर पायरीवर मी काही विचारलं नव्हतं.
चप्पल घालता घालता त्याच म्हणाल्या,
गाणं नाही हो येत अजून.
पण तिथे भोक पडत होतं.
कुणीतरी उभं राहायला नको?

हळूहळू सगळेच तिथे उभे राहू लागले.
बाकीचं गीत पुटपुटत म्हणणारा गिलबर्ट आढावसुद्धा
तेवढ्या सुराला छाती भरून घेई.
भाचीने पाच गुणांचा प्रश्न कोरा सोडला.
मला बरं वाटलं, तिच्या आईला नाही.

यंदा कुणीतरी नाव न सांगता पैसे दिले.
पांढरी पाच वाजते आता, खणखणीत.
पण मंडळींची सवय जात नाही,
तिथे आवाज चढतोच,
पेटी ऐकू येत नाही.
म्हणून मी त्या जागी बोट उचलतो.
भाता मात्र चालू ठेवतो.

शेवटचं आमेन म्हणेतो
दाराशी तमिळ मंडळी आलेली असतात,
लेकरं कडेवर, अबोलीचे गजरे.
पाळकसाहेब हात वर करून म्हणतात, शांतीने जा,
आणि मग हळूच,
बाक जरा लवकर सोडा.