अकरावा मजला, गुन्सान

आत शिरताना त्यांनी दिले
पायांत चढवायला निळे प्लास्टिकचे मोजे
आणि लाल टिकल्यांचा एक कागद:
दोष दिसेल तिथे चिकटवा.

मी पट्टी घेऊन चौकटी मोजत सुटले.
न्हाणीत मगभर पाणी ओतलं,
ते जाळीकडे न जाता
कोपऱ्यात जाऊन बसलं, रुसल्यासारखं.
टिकली.
बाल्कनीच्या काचेवर ओरखडा. टिकली.
ओट्याखालचं दार मिटतच नाही,
पुन्हा पुन्हा तोंड उघडतं.
टिकली, टिकली.

आई मात्र भिंतीपाशीच.
सव्वीस वर्षं परक्या घरांना कागद लावलेली ओकबुन,
चष्मा पिशवीतच ठेवून
बोटांनी जोड शोधत होती.
"घाईत लावलाय," म्हणाली. "खळ पातळ.
या खोलीपर्यंत पोचेतो
खांदे भरून आले असतील त्याचे.
की तिचे."

मी टिकली पुढे केली.
तिने घेतली, स्वतःच्या अंगठ्यावर चिकटवली
आणि तशीच राहू दिली.

खिडकीबाहेर ओहोटी, मैलभर चिखल,
शेजारच्या अर्ध्या इमारतीवर
क्रेन अजून उभी.
सही घ्यायला आलेल्या पोराने विचारलं, "किती निघाले?"
एकेचाळीस, मी म्हटलं.

लिफ्टमध्ये आईने बटण दाबलं, लाल अंगठ्याने.
"थंडीत जमीन तापायला लागली
की तो जोड उघडणार.
शिडी तेवढी आणून ठेव.
मी येईन."