लगीन कोनाचा

सोसायटीच्या दिवाळीची थीम ठरली 'आदिवासी',
आणि समितीत कलेतलं कळणारी म्हणून मी.
मीच नेटवर शोधला तो चौक,
मीच मोजली लॉबीची भिंत, सहा बाय सहा.
गेरूच्या रंगाचं व्हाइनल, वर पांढरी नक्षी,
मधोमध दोन त्रिकोणांची एक बाई.
चिकटवणारा पोरगा म्हणाला,
मॅडम, बबल नाय येणार, गॅरंटी.

सकाळी जिवली पोछा मारत लिफ्टपर्यंत आली
आणि थांबली.
बादली पायानं बाजूला सारली,
कंपनीच्या निळ्या साडीला ओला हात पुसला,
डोक्यावर पदर घेतला.
तीन वर्षं येते ती. मी कधी पाहिला नव्हता तिच्या डोक्यावर पदर.
मग मला विचारलं,
"लगीन कोनाचा?"

म्हटलं, लग्न कुठलं, डेकोरेशन आहे.
"तं हिला बोलावली कोनी?"
मी भिंतीकडे पाहिलं.
ही म्हणजे कोण, मला ठाऊक नव्हतं.
मी पैसे स्क्वेअर फुटावर दिले होते.

तिनं सांगितलं ते तुटक, फडकं पिळता पिळता.
सवाशिणी लिहितात चौक. तांदळाच्या पिठानं.
धवलेरी गाते, तेव्हा ती येते, पालघट.
तोवर तोंड झाकायचं तिचं.
"तुमी तं उघडीच ठेवली. चपलांच्या फळीवर."

रात्री जुनी चादर नेली, चिकटपट्टी नेली.
सकाळी ग्रुपवर छत्तीस मेसेज, कोणी झाकलं?
मी लिहिलं, मी.
पुढचं बरंच लिहिलं आणि खोडलं.
खानविलकर काकांनी विचारलं,
मग माझ्या चहाच्या कपावर वारली आहेत त्यांचं काय करू?
उत्तर नव्हतं. अजून नाही.

वाघबारशीला येऊ का, असं विचारलं तेव्हा
जिवलीनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.
"ये. तांदूळ आन. गाडी खाली नाक्यावर ठेव."

येऊरच्या चढावर, जांभूळपाड्याच्या पुढे,
मी गेले ती नेमका वारली छापाचा कुडता घालून.
पोरं जमली, माझ्या पोटावरचा नाच न्याहाळू लागली.
एक नकटी म्हणाली,
"ये बग, ये तं तारपेवाल्याला पाठ करून नाचतात!"
सगळी हसली, इतकी की मीही.
पण ओढणी पुढे घेतली.

मला काकड्या किसायला बसवलं, सावेल्यांसाठी.
दोन बोटं सोलली. कुणी कौतुक केलं नाही,
कुणी मॅडम म्हटलं नाही,
कुणी माझ्यासाठी पुन्हा नाचून दाखवलं नाही.
फोन पिशवीत. हात दोनदा गेला तिकडे,
खाज सुटावी तसा.

शेंदराच्या दगडापुढे भगत बसला वाघाशी बोलत.
गुरं राख, शेरडं राख,
रानात जाती ती पोरं राख.
आणि त्याच सुरात, मान न वळवता,
खालच्या बिल्डिंगीतली बी राख.

म्हणजे आम्ही.
बावीस मजल्यांच्या खाली कुणाची तरी पाण्यावर जायची वाट होती,
बिल्डरच्या माहितीपत्रकात ती छापलेली नव्हती.

निघताना पानात बांधलेली एक सावेली हातात आली.
गेटवर वॉचमननं विचारलं, काय आहे?
म्हटलं, प्रसाद.
जिना चढताना जाणवलं, हा शब्दही माझाच,
त्यांनी नुसतं "खा" म्हटलं होतं.

भाऊबीजेनंतर व्हाइनल काढलं.
गॅरंटीचंच ते, अर्धं भिंतीलाच राहिलं.
चौकोनभर डिंक, त्यावर धूळ बसत गेली.
मी नखानं खरवडत होते.
जिवली आली, बादली ठेवली, पाहिलं.
"राकेलनं निघंल," म्हणाली,
आणि माझ्या पायाखालची लादी पुसायला
मला जरा बाजूला सरकवलं.